भेटीची टोपली भरताना आधी माणूस पाहा

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या बाजारपेठेत हल्ली एक नवे दृश्य दिसते. पूर्वी मिठाईच्या दुकानात पुठ्ठ्याचा खोका मिळत असे. आता वेताच्या टोपल्या मांडलेल्या असतात. वर चकचकीत पारदर्शक कागद, त्याला लाल फीत, आत बिस्किटांचे पुडे, फळांच्या रसाचे डबे, खारवलेले काजू आणि चॉकलेटे. दुकानदार विचारतो, "किती रुपयांपर्यंत दाखवू?" कोणासाठी हवी, हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. मग मधुमेही मामा, नुकतीच बाळंत झालेली भाची आणि डायलिसिसवर असलेले शेजारी या तिघांच्या घरी एकच टोपली जाऊन पोहोचते!

वाचकहो, आरोग्याच्या सदरात भेटवस्तूंचा विषय कशाला, असे आपल्याला वाटेल. पण इतक्या वर्षांच्या दवाखान्याच्या अनुभवावरून सांगतो, सणानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या पेशंटांपैकी बरेचजण घरी आलेल्या भेटी संपवूनच आलेले असतात. "वाया कशाला घालवायचं?" हे त्यांचे उत्तर ठरलेले. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. चूक होते ती टोपली भरताना. म्हणून आज कोणाच्या टोपलीत काय असावे आणि काय नसावे, हे क्रमाने पाहू.

खरे तर माणूस पाहून टोपली भरण्याची कला आपल्याकडे जुनीच आहे. बाळंतविडा आठवा. माहेरहून येणाऱ्या त्या बाळंतविड्यात डिंकाचे लाडू, खारीक, खोबरे, बाळंतशेपा, बाळाची अंगडी-टोपडी, दुपटी, असे सारे बाळ-बाळंतिणीची गरज ओळखूनच ठेवलेले असे. युरोपातील फिनलंड देशाने हीच कल्पना सरकारी पातळीवर राबवली. १९३८ पासून तेथे गरीब मातांना बाळाचे कपडे व अंथरूण-पांघरूण असलेली पेटी मिळू लागली आणि १९४९ पासून ती सर्व मातांना मिळू लागली. अट एकच, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच तपासणी करून घ्यायची. पेटीच्या निमित्ताने माता दवाखान्यात येऊ लागल्या. भेटीतून आरोग्य कसे साधते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

बाळंतिणीची टोपली

बाळंतविड्यातील लाडू चांगलेच आहेत. अळिवात लोह असते. त्याच्या जोडीला टोपलीत लिंबे किंवा आवळे ठेवा, कारण आंबट फळांतील 'क' जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. मात्र गरोदरपणात जिची साखर वाढली होती, तिला लाडवांची रास पाठवू नका. तिला भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, तिळाची चटणी, अंडी चालत असल्यास अंडी, असे द्या. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात. लाडू खाल्ले म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, हे टोपली देणाऱ्या मावशी-आत्यांनी आवर्जून सांगावे. त्यांचे ती ऐकते, आमचे नाही!

बाळासाठी मऊ सुती कपडे, टोपडी, पायमोजे, छोटी मच्छरदाणी आणि एक थर्मामीटर ठेवा. नवे कपडे धुऊनच बाळाच्या अंगावर घालावेत. आईसाठी पुढून उघडणारे दोन सैल गाऊन ठेवलेत तर ती तुम्हाला दुवा देईल.

आता काय ठेवू नये ते. मध अजिबात नको. सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची आपली रीत प्रेमाची आहे खरी, पण मधात काही जंतूंची बीजे असू शकतात. मोठ्या माणसाला ती बाधत नाहीत, पण वर्षाच्या आतील मुलाच्या आतड्यात ती रुजून विष तयार करू शकतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. म्हणून पहिला वाढदिवस होईपर्यंत मध नाही. बाळगुटीही नको. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको. काजळाची डबी नको. काही काजळांत शिसे सापडलेले आहे. पावडर नको, ती श्वासातून फुप्फुसात जाते. आणि दुधाची बाटली तर नकोच नको. दुधाची पावडर व बाटल्या यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात बंदी केली आणि २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला, तो उगीच नव्हे. वरचे दूध द्यायची वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने आलीच तर वाटी-चमचा पुरतो.

मधुमेह्याची टोपली

येथे सर्वांत मोठा गैरसमज गुळाचा. "डॉक्टर, साखर बंद केली, आता गुळाचंच सगळं करतो," असे सांगणारे पेशंट रोज भेटतात. गूळ काय किंवा मध काय, रक्तातील साखर दोन्हींनी वाढते. १०० ग्रॅम साखरेत साधारण ४०० कॅलरी असतात आणि तेवढ्याच गुळातही थोड्याफार कमी, एवढाच फरक! खजूर, मनुका, अंजीर ही सुकी फळेही गोडच. 'शुगर फ्री' म्हणून मिळणाऱ्या मिठाईत साखर नसली तरी खवा, मैदा आणि तूप असतेच. पाकिटावरील बारीक अक्षरे वाचायची सवय लावा. ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावे दिसली तर तीही साखरेचीच भावंडे समजा.

मग द्यावे काय? बिनमिठाचे बदाम, अक्रोड, शेंगदाणे, फुटाणे, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, दोन-चार पेरू. हे झाले खाण्याचे. पण मधुमेह्याला खरा धोका पायाचा असतो. पायाची संवेदना कमी झालेली असते, काटा टोचला तरी कळत नाही आणि साधी जखम महिनोन् महिने चिघळते. म्हणून टोपलीत मऊ तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या चपला, सुती मोजे आणि एक छोटा हाती आरसा ठेवा. आरसा कशाला? रोज रात्री तळपाय पाहण्यासाठी. वाकून तळवा दिसत नाही, आरशात दिसतो.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी आणखी एक वस्तू ठेवा, ती म्हणजे साखरेची लहान पुडी. दचकू नका! साखर एकाएकी उतरली, घाम सुटला, हात थरथरू लागले की तीन चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यातून लगेच घ्यायची असते. ही पुडी खिशात राहावी. पेशंट बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

रक्तदाब आणि हृदयविकार

येथील शत्रू मीठ. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या फराळाच्या टोपलीत चिवडा, शेव, खारे काजू, पापड, लोणचे, सॉसची बाटली, असा सगळा मिठाचा मेळावाच असतो. त्याऐवजी ताजी फळे, बिनमिठाचे दाणे, लसूण-आमसूल-जिरेपूड असा मिठाविना चव आणणारा मसाला द्या. दंडाला बांधायचा रक्तदाब मोजण्याचा यंत्रसंच चौघा भावंडांनी मिळून दिला तर त्यासारखी भेट नाही. आणि सात वारांचे सात कप्पे असलेली गोळ्यांची डबी जरूर द्या. सकाळची गोळी घेतली की नाही, यावरून घरोघरी होणारी भांडणे तिने मिटतात.

मूत्रपिंडाचा आजार : येथे फळेही विचारून

या टोपलीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे चूक जिवावर बेतू शकते.

आमच्याकडचे एक निवृत्त गुरुजी आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिसला जातात. एका उन्हाळ्यात त्यांना चार दिवस ताप आला. गावभर त्यांचे विद्यार्थी. प्रत्येकजण भेटायला आला आणि प्रत्येकाच्या हातात शहाळी! शिवाय केळ्यांचे घड. वाया जाऊ नयेत म्हणून गुरुजी दिवसाला दोन-तीन शहाळी पीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांचे पाय उचलेनात. मला बोलावले तेव्हा नाडी फार मंद लागत होती. हृदयाचा आलेख काढताच रक्तातील पोटॅशियम वाढल्याची खूण दिसली. तातडीचे इंजेक्शन देऊन त्यांना गाडीत घातले आणि डायलिसिस केंद्राला फोन करून तयारीत राहण्यास सांगितले. त्या रात्री तातडीने डायलिसिस झाले म्हणून गुरुजी वाचले. नंतर काकू मला म्हणाल्या, "डॉक्टर, विष थोडंच दिलं होतं कुणी? शहाळंच तर होतं!"

काकूंचे म्हणणे समजण्यासारखे आहे. निरोगी माणसाला शहाळे उत्तमच. पण एका मोठ्या शहाळ्यात अर्धा ते पाऊण ग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. ती निकामी झाली की ते रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवते, कधी थांबवतेही. केळी, संत्री, खजूर, जर्दाळू यांतही पोटॅशियम भरपूर. 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच घातलेले असते, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णाला चालेल म्हणून आणलेले हे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णाला घातक ठरू शकते. कमरख, म्हणजे ते पाच कोनांचे आंबट-गोड फळ, तर अशा रुग्णांच्या मेंदूवर दुष्परिणाम करते. ते पूर्ण वर्ज्य.

मग त्यांना भेटायला रिकाम्या हाताने जायचे? मुळीच नाही. एखादे सफरचंद किंवा नासपती डॉक्टरांना विचारून द्या. पण टोपली खाण्याची न करता उपयोगाची करा. डायलिसिसचे एक आवर्तन साधारण चार तासांचे असते आणि त्या वेळी अनेकांना थंडी वाजते. हलकी शाल, पुढे बटणे असलेला सैल अर्ध्या बाह्यांचा सदरा, अंगाला खाज सुटते म्हणून लावायला खोबरेल तेल, वाचायला दोन पुस्तके, असे द्या. ज्या हाताला डायलिसिसची शीर तयार केलेली असते त्या हातात घट्ट बांगडी, घड्याळ घालायचे नसते, हेही ध्यानात असू द्या. आणि सर्वांत मोलाची भेट म्हणजे महिन्यातून एकदा तुमच्या गाडीने त्यांना केंद्रावर नेऊन आणणे. ती टोपलीत मावत नाही, एवढेच!

म्हाताऱ्या माणसांसाठी

आजी-आजोबांना आपण शाल देतो. त्यांच्या कपाटात पाच शाली घडी घातलेल्या पडून असतात. त्यांना खरी भीती पडण्याची असते. रात्री लघवीला उठताना, ओल्या न्हाणीत पाय सरकून खुब्याचे हाड मोडले की धडधाकट माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून या टोपलीत न्हाणीसाठी न घसरणारी रबरी चटई, रात्रभर जळणारा छोटा दिवा, उशाला ठेवायची बॅटरी आणि काठीच्या टोकाला लावायचे रबरी बूच, अशा वस्तू ठेवा. चारही वस्तू मिळून एका शालीपेक्षा महाग पडत नाहीत. खाण्याचे म्हणाल तर चकली, कडक चिक्की त्यांच्या दातांना सोसत नाही. मऊ फळे, राजगिऱ्याचे मऊ लाडू, सातूचे पीठ चालते. साखरेचा त्रास असेल तर गोड वगळून.

लहान मुलांची टोपली

पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, गोल कडक गोळ्या देऊ नयेत. खेळता-हसताना दाणा श्वासनलिकेत जातो. खेळणी घेताना त्यातील बटणासारखी चपटी बॅटरी स्क्रूने बंद केलेली आहे ना, ते पाहा. ती गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच आतून भाजू शकते. मूल हसत असले तरी थांबू नका, लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. घरात दम्याचे मूल असेल तर केसाळ खेळणी, अत्तर, उदबत्त्यांचे पुडे टाळा. चित्रांची पुस्तके, रंगखडू, दोरीच्या उड्यांची दोरी यांनी मुले तितकीच खूष होतात.

शेतावरच्या माणसांसाठी

दिवाळीला सालगडी, ऊसतोड कामगार, घरकामाच्या बाई यांना आपण मिठाईचा पुडा आणि थोडे पैसे देतो. पैसे जरूर द्यावेत. पण मिठाईच्या जागी काय देता येईल, हे पाहा. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील, आणि दंश बहुधा पायाला. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, एक चांगली बॅटरी आणि जमिनीवर झोपणाऱ्या कुटुंबासाठी मच्छरदाणी, ही टोपली खरोखर जीव वाचवू शकते. मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचली तर डासांबरोबर सापापासूनही संरक्षण मिळते. सोबत जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पाकिटे ठेवा आणि मोठे पाकीट एक लिटर पाण्यात एकदम मिसळायचे, हे समजावून सांगा. बायकांसाठी सॅनिटरी पॅडही संकोच न करता ठेवा. फडात राबणाऱ्या बाईला त्याचे मोल विचारा.

औषधाइतकी मोलाची टोपली

शेवटी क्षयरोग्याची टोपली. क्षयाचे आणि उपासमारीचे नाते जुने आहे. पण नुसत्या अन्नाने किती फरक पडतो, याचा पक्का पुरावा आपल्याच देशातून आला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झारखंडमधील चार जिल्ह्यांत केलेला हा अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट' गटाच्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा क्षय झालेल्या २,८०० रुग्णांना औषधांबरोबर महिन्याला १० किलोचा शिधा देण्यात आला. त्यात तांदूळ, डाळ, दुधाची पावडर आणि तेल होते. निम्म्या गटात घरातील इतर माणसांनाही माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे इतरांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. रुग्णांमध्येही ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांत मृत्यू कमी झाले. टोपलीत महागडे असे काहीच नव्हते. तांदूळ आणि तूरडाळ!

सरकारही क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी पैसे देते. २०१८ मध्ये महिन्याला ५०० रुपयांनी सुरू झालेली ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. शिवाय २०२२ मध्ये सुरू झालेल्या योजनेत कोणीही नागरिक, मंडळ किंवा पतसंस्था 'निक्षय मित्र' होऊन रुग्णाला दरमहा पोषणाची टोपली देऊ शकते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. गणेश मंडळांनी रोषणाईतील थोडा पैसा इकडे वळवला तर किती बरे होईल!

एक पथ्य मात्र पाळा. या टोपलीबरोबर फोटो काढून घेऊ नका. क्षय झाल्याचे कळले की मुलीचे लग्न मोडते, भाडेकरूला खोली सोडावी लागते, हे मी पाहिलेले आहे. शिधा गुपचूप पोहोचला पाहिजे आणि सहा महिने न चुकता पोहोचला पाहिजे. एकदा दिलेली मोठी टोपली फोटोपुरती होते. दरमहा दिलेली लहान टोपली माणूस उभा करते.

टोपली भरण्याआधी

एवढे सगळे लक्षात कसे ठेवायचे, असे आपण म्हणाल. सोपे आहे. दुकानात जाण्यापूर्वी पाच प्रश्न स्वतःला विचारा. या माणसाला आजार कोणता? त्याला डॉक्टरांनी काय बंद केले आहे? त्याच्या घरी हे कोण खाणार, कोण वापरणार? वस्तू किती दिवस टिकेल? आणि आपल्यासारखेच आणखी किती जण हेच घेऊन येणार? उत्तर माहीत नसेल तर घरच्या बाईला एक फोन करा. "वहिनी, आण्णांना काय चालतं?" या प्रश्नात कमीपणा नाही. उलट आपल्या माणसाचे पथ्य कोणी विचारले, याचाच त्या घरात आनंद होतो.

आणि ज्यांच्याकडे टोपल्या येतात त्यांनीही संकोच सोडावा. "आमच्या ह्यांना शहाळं चालत नाही हो, मुलांना देते," असे हसून सांगावे. देणारा रागावत नाही. रागावला तर रागावू द्या. त्याचा राग परवडला, पोटॅशियम परवडत नाही.

पुढील आठवड्यात : फराळानंतरची आम्लपित्ताची जळजळ आणि तिच्यावरचे घरगुती उपाय, कोणते खरे आणि कोणते खोटे.